डोक्यावर हात ठेवून बसलेल्या माणसाला ओरडू नका

आपल्याकडे कुणी डोक्यावर हात ठेवून बसलं की घरातलं थोरलं माणूस लगेच खेकसतं. ‘रे, हात खाली घे आधी! भरल्या घरात डोक्यार हात ठेवन कित्याक बसलंस?’ अपशकुन तो. मीही असाच ओरडलो होतो. माझा चुलतभाऊ पडवीत खांबाला टेकून बसला होता, उजवा हात डोक्यावर. म्हटलं, काय रे, काय बुडालं? तो म्हणाला, ‘बुडाक काय झाला? हात असो वर ठेवलो की जरा बरा वाटता.’

त्याचा सगळा आजार त्या एका वाक्यात होता. मला तो कळला नाही आणि त्यालाही कळला नाही. मानेत नस दबलेल्या बऱ्याच माणसांना हात डोक्यावर ठेवला की आराम पडतो, कारण खांदा उचलला की त्या नसेवरचा ताण सैल होतो. डॉक्टर ही खूण मुद्दाम विचारतात. आम्ही मात्र तिला अपशकुन म्हणून उडवून लावलं आणि चार महिने घालवले. शेवटी आंबे काढताना त्याला झेल्याची काठी वर ढकलता येईना. कोपर सरळ करायची ताकदच गेली होती. उपचार झाले, दुखणं गेलं. पण आज तीन वर्षं झाली, जड दार ढकलायला तो अजून डावा हात पुढे करतो.

तळेऱ्याच्या नाक्यावर रोज उतरणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. कासार्डे, वारगाव, ओझरम, दारूम, साळिस्ते, खारेपाटण, अलीकडचे-पलीकडचे सगळेच. आंब्याचा हंगाम तोंडावर आहे. त्याच्या मागून लावणी येईल. हेच महिने आपल्या माना खातात. तेव्हा आत्ताच ऐका.

आधी आत काय होतं ते समजून घ्या. मानेत मणके सात आणि त्यांच्या फटींतून बाहेर पडणाऱ्या नसांच्या जोड्या आठ. या नसा खांद्यातून, दंडातून थेट बोटांपर्यंत जातात. वय वाढतं तशी मणक्यांमधली गादी झिजते, कधी बाहेर सरकते. कडेला हाडाची बारीक टोकं वाढतात. फट अरुंद होते आणि नस चिमटते. नस चिमटते मानेत, पण ओरड बोटांत ऐकू येते. म्हणूनच माणूस फसतो. सहावी नस दबली तर मुंग्या अंगठ्याकडे येतात, सातवी दबली तर मधल्या बोटाकडे, आठवी असेल तर करंगळीकडे. दबतात त्या बहुतेक करून सहावी आणि सातवी. तुम्ही हाताला तेल चोळत राहता, बाम लावत राहता आणि दुखणं बसलेलं असतं वर, कॉलरच्या आत.

आता आपलं काम बघा. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं, म्हणजे सोललेले आठ-दहा नारळ. ते मानेवर नीट तोललेलं असेल तर काही वाटत नाही. पण झेला घेऊन दिवसभर वर बघायचं म्हटलं की मान मागे मोडलेली राहते. आणि मान मागे गेली की त्या फटी आणखी अरुंद होतात. शेंड्यावरचा आंबा डागाशिवाय खाली यावा म्हणून आपण किती जपतो! दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंब्यासाठी ‘नूतन झेला’ काढला, देठासकट फळ उतरावं म्हणून. फळाच्या देठाची एवढी काळजी घेणारे आपण, आपल्या मानेच्या देठाचं काय करतो? लावणीत कंबरेत वाकायचं आणि मान वर काढून पुढचा चोंढा बघायचा. गवताचा भारा, लाकडांची मोळी, पाण्याची कळशी, खाली फक्त चुंबळ. संध्याकाळी घरी आल्यावर मोबाइलवर मान खाली, एक तास, दोन तास. डबलबारी भजन असेल तर रात्रभर मंचाकडे तोंड वर.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. भार उचलला म्हणूनच नस दबते असं नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टर शहरात १९७६ ते १९९० या काळातल्या अशा ५६१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. १९९४ साली तो अभ्यास छापून आला आणि त्याचे पहिले लेखक आपल्याकडचे, कुरुपथ राधाकृष्णन. दुखणं सुरू होण्याआधी जड काम किंवा मार लागल्याची नोंद होती ती जेमतेम १५ टक्के लोकांत. म्हणजे खुर्चीवर बसणाऱ्या मास्तरलाही हे होतं आणि पोस्टातल्या बाईलाही. सगळ्यात जास्त रुग्ण पन्नास ते चौपन्न वयाचे. वर्षाला लाखामागे ८३ माणसं. तिथलं प्रमाण इथे जसंच्या तसं बसेल असं मी म्हणत नाही. पण २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा साडेआठ लाखांचा होता. तोच हिशेब लावला तर वर्षाला सातशे माणसं होतात. सातशे घरं. त्यातलं एक तुमचं नसेल कशावरून?

त्याच अभ्यासात धीराची गोष्टही आहे. पुढे काही वर्षांनी पाहिलं तेव्हा दहातल्या नऊ जणांना एकतर काही त्रास उरला नव्हता किंवा अगदी थोडा होता. चारांतल्या एकाला शस्त्रक्रिया लागली. बाकीचे बहुतेक तिच्याशिवाय सावरले. तेव्हा ‘नस दबली’ हा शब्द ऐकून हातपाय गाळू नका. आणि ‘आपोआप जातला’ म्हणून बसूनही राहू नका. बरं होण्याचा काळ आणि बळ जाण्याचा काळ एकच असतो. कोणता चालू आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पहिलं काम, माना कडकडा मोडून घेणं बंद करा. आज, आत्तापासून. केस कापून झाल्यावर डोकं दोन्ही हातांत धरून उजवीकडे झटका, डावीकडे झटका, आणि आपण खुशीत वीस रुपये जास्त देतो. दुखऱ्या मानेवर कुणा जाणत्याकडून ‘शीर बसवून’ घेतो. थांबवा हे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर चढतात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, गुठळी होऊ शकते, अर्धांगवायू होऊ शकतो. असं क्वचित होतं, पण होतं. १९९३ साली मायकेल वाइनट्रॉब या अमेरिकी डॉक्टरांनी पाच बायकांची हकिकत छापली. केस धुवायला सलूनच्या बेसिनवर मान मागे टाकली आणि मेंदूचा गंभीर त्रास सुरू झाला, काहींना पक्षाघाताचा झटकाही आला. तिथे तर कुणी मान मोडलीही नव्हती. सलूनवाल्या भावांनो, तुमच्यावर राग नाही. गिऱ्हाईकच मागतं, हे मला ठाऊक आहे. तुम्ही नाही म्हणा. तुमचं एक ‘नाही’ डॉक्टरांच्या दहा सल्ल्यांइतकं काम करील.

मग करायचं काय? मुंग्या, चमक, बधिरपणा मानेतून हातात उतरत असेल तर आठवड्याच्या आत डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना विचारून फिजिओथेरपी सुरू करा. ‘फिजिओ म्हणजे मालिश’ हा समज डोक्यातून काढा. परळच्या केईएममध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे शास्त्र शिकवलं जातं. आपले किती चाकरमानी त्याच परळ-लालबागच्या चाळींत राहिले, गिरण्यांत खपले! आणि आपण गावात अजून तेलाच्या बाटलीवर थांबलोय. जाल तेव्हा नोंदणी असलेला फिजिओथेरपिस्ट आहे ना, ते विचारा. राज्यात त्यासाठी २००२ चा कायदा आहे, परिषद आहे. विचारायला लाजू नका. गाडीचा परवाना बघतो, मग मानेचा का नाही?

पहिल्या दिवशी तो तुमच्या मानेला हातही लावायच्या आधी बराच वेळ तपासेल. छोट्या हातोडीने कोपरावर टकटक करील. कोणत्या बोटाला कापूस लागल्याचं कळत नाही ते बघेल. मान दुखऱ्या बाजूला ६० अंशांपर्यंत तरी वळते का, डोकं हलकेच वर उचलून धरल्यावर आराम पडतो का, हात एका ठरावीक तऱ्हेने लांब केल्यावर कळ उठते का, हे पाहील. डोकं दाबूनही एक चाचणी करतात. ती घरी करू नका. मेहुण्याला डोकं दाबायला तर मुळीच सांगू नका.

पुढचे सहा आठवडे तुमचे आहेत. नेदरलँड्समध्ये २०५ रुग्णांवर एक प्रयोग झाला आणि २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दुखणं नवं असलेल्या या माणसांचे तीन गट केले. काहींना कॉलर आणि विश्रांती, काहींना आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी आणि घरी रोजचे व्यायाम, तर काही नुसते थांबलेले. पहिल्या सहा आठवड्यांत कॉलरवाले आणि व्यायामवाले दोघांचंही हात-मानेचं दुखणं थांबलेल्यांपेक्षा जास्त उतरलं. सहा महिन्यांनी तिन्ही गट जवळपास सारखे झाले. मग उपचार कशाला, असं कुणी म्हणेल. अहो, हे सहा आठवडेच तर आपल्याकडे नसतात! आंबा झाडावर थांबत नाही, पाऊस थांबत नाही, हातावर पोट असलेल्याची चूल थांबत नाही. ज्याला रात्री झोप नाही आणि सकाळी खाणीवर जायचं आहे त्याला सहा महिन्यांनी बरं वाटेल हे सांगणं म्हणजे त्याची थट्टा आहे. कॉलर लागलीच तर थोडेच दिवस, सांगितल्याप्रमाणे कमी करत काढायची. महिनोन् महिने घालून फिरलात तर मानेचे स्नायूच आळसावतात. हौसेने गळ्यात अडकवायचा तो दागिना नव्हे.

व्यायाम साधे आहेत, इतके साधे की माणूस त्यांना हसतो. भिंतीला पाठ लावून बसा. समोर बघा. हनुवटी वर नको, खाली नको, सरळ मागे घ्या, जणू कुणी हनुवटीला बोट लावून ढकलतंय. पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा. खांद्याची पाती पाठीमागे एकमेकांजवळ आणा, सोडा. नस सरकवण्याचाही एक व्यायाम असतो, हात हळू लांब करत मान त्या तालात झुकवायची. तो मात्र समोर बसून शिकून घ्या, ऐकून किंवा मोबाइलवर बघून करू नका. कारण नस ताणायची नसते, तिला फक्त तिच्या वाटेत मोकळी करायची असते. थेरपिस्ट हाताने मान आणि पाठीचा वरचा भाग सैल करील. कुणाला ‘वजन लावतील’. मानेला दिलेल्या त्या ताणाने काहींना चांगला गुण येतो, काहींना येत नाही. पण घरी दाराला कप्पी बांधून चिऱ्याचं वजन लटकवू नका. असे उद्योग मी बघितले आहेत.

आणि एक नियम पाठ करून ठेवा, वाटल्यास भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. व्यायाम करताना दुखणं बोटांकडून वर मानेकडे सरकलं तर बरं चाललंय, मान थोडी दुखली तरी चालेल. दुखणं मानेकडून खाली बोटांकडे उतरलं तर तिथेच थांबा आणि थेरपिस्टला सांगा.

आता घरातल्यांनो, तुम्ही ऐका. व्यायाम दिवसात वीस मिनिटांचा. उरलेला दिवस तुमच्या हातात आहे. ज्याची मान दुखते आहे त्याच्या डोक्यावर त्या सहा आठवड्यांत भारा चढवू नका. आंब्याचे क्रेट उचलायला दुसरा हात लावा. फवारणीचा पंप दुसऱ्याच्या पाठीवर द्या. झेला धरायचाच असेल तर पाळी लावा, थोडा थोडा वेळ करून हात बदला. दोन उशा काढून एक द्या, कुशीवर झोपल्यावर मान खांद्याच्या उंचीला सरळ राहील एवढी.

आणि हे सगळं ज्या बायकांना लागू आहे त्या बहुतेक बोलतच नाहीत. तुमची आई, तुमची बायको, तुमची वहिनी. ‘जरा हात वळता’ एवढंच म्हणतील आणि कळशी डोक्यावर घेतील. रात्री तिच्या हातून ताट निसटलं की आपण म्हणतो, लक्ष कुठे आहे तुझं? विचारा तिला. ती सांगेपर्यंत वाट बघू नका. चाकरमान्यांनो, तुम्हीही विचारा. गणपतीला याल तेव्हा नव्हे, आज रात्री फोनवर. पैसे पाठवता, कौतुक आहे. पण आईला एवढंच विचारा, ब्लाउजचा हूक लागतो का? सुईत दोरा जातो का? जिना उतरताना पाय अडखळतात का?

असं विचारायला कारण आहे. कधी नस नव्हे, मानेतला मज्जारज्जूच दबतो. तेव्हा दुखणं कमी असतं आणि अनर्थ मोठा. बोटांची बारीक कामं जमत नाहीत, चालताना तोल जातो, पाय जड होतात, लघवी-शौचावरचा ताबा सैल होतो. हे दिसलं तर व्यायाम नको, शेक नको, उद्याही नको. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. हातातली ताकद दिवसागणिक कमी होत असेल तरी तसंच. मानेच्या दुखण्यासोबत ताप असेल, वजन उतरत असेल, आधी कधी कर्करोग झाला असेल तरीही थांबू नका. अशा वेळी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली तर ती हार समजू नका. गेलेली ताकद परत आणण्यापेक्षा असलेली वाचवणं सोपं.

महामार्गावर मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाची मान दुखत असेल तर त्याला ओढून उठवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. १०८ ला फोन करा आणि डोकं आहे तसं धरून ठेवा. आणि डाव्या हाताची कळ, सोबत छातीत दडपण, घाम, धाप, हे मानेचं नाही. हृदयाचं समजूनच चाला. तिथेही १०८. ‘नस दबलीसा वाटता’ म्हणत अर्धी रात्र शेक देत बसू नका.

खर्चाचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचारांना पैसे लागत नाहीत. कणकवलीचं उपजिल्हा रुग्णालय आपल्याला जवळचं, ओरोसला जिल्ह्याचं. तिथून पुढे लागलंच तर करूळ घाट चढून कोल्हापूर किंवा खाली गोव्यात बांबोळी. वाटा आपल्या पायाखालच्या आहेत, तळेरे तर तिठ्यावरच बसलंय. दर वेळी लांब जायचीही गरज नाही. दोन-चार वेळा नीट शिकून घेतलंत तर बाकीचं पडवीतल्या भिंतीला टेकून होतं.

सगळंच मानेवर ढकलू नका, हेही सांगतो. दोन्ही तळपायांना एकदम मुंग्या येत असतील तर आधी साखर तपासा. रात्री झोपेतून उठवणाऱ्या मुंग्या अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत असतील आणि मान अजिबात दुखत नसेल, तर नस मनगटात दबलेली असू शकते. हे ठरवायचं काम डॉक्टरांचं. तुमचं काम त्यांच्यापर्यंत पोचायचं.

आज रात्री जेवणं झाली की घरातल्या प्रत्येकासमोर बसा. तुमची दोन दोन बोटं त्याच्या दोन्ही मुठींत द्या. म्हणा, दाब जोरात. एक मूठ घट्ट आणि एक सैल लागली तर गप्प बसू नका. मग म्हणा, दोन्ही हातांनी मला मागे ढकल. एक हात कोपरात वाकला तर विचारा, कधीपासून? आणि कुणी म्हणालं, ‘हात डोक्यार ठेवलो की बरा वाटता’, तर त्याला ओरडू नका. ठेवू द्या. सकाळची कणकवलीची पहिली एसटी किती वाजता येते ते तेवढ्यात बघून ठेवा.